मदरबोर्ड गेला, आता कोणता घ्यायचा?

पावसाच्या तोंडावर रत्नागिरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एक प्रश्न हमखास येतो. "पीसी चालू होत नाही, बोर्ड उडालाय म्हणतात. आता कोणता टाकू?" विचारणारा बहुतेक वेळा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी. पैसे साठवत एकेक भाग जमवून गेमिंगचा पीसी घरी जोडलेला असतो. प्रोसेसर ठणठणीत असतो, ग्राफिक्स कार्डही ठीक असतं, आणि या सगळ्यांना एकत्र ठेवणारा बोर्डच नेमका गप्प झालेला असतो.

नवा पीसी जोडताना आपण बोर्ड निवडतो आणि बाकीच्या वस्तू त्याला जुळवून घेतो. बदली बोर्डाचं गणित उलटं आहे. इथे बाकीच्या वस्तू हातात आहेत आणि बोर्डाला त्यांच्याशी जुळवून घ्यायचं आहे. म्हणून 'सर्वांत चांगला बोर्ड कोणता' हा प्रश्न इथे कामाचा नाही. शिवाय किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते: जुना बोर्ड कशानं गेला? ते न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जाण्याची शक्यता बरीच असते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि दुकानात त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

१. खरंच बोर्डच गेलाय का?

'डिस्प्ले येत नाही' याचा अर्थ बोर्ड गेला असा होत नाही. सर्वांत आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. रायझन ५ ३६०० किंवा इंटेलचे नावाच्या शेवटी 'एफ' असलेले प्रोसेसर यांच्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. बोर्डावर एचडीएमआयची जागा असली तरी तिथून चित्र येणार नाही. केबल ग्राफिक्स कार्डालाच लावायला हवी.

मग पिन काढून, वीज पूर्ण बंद करून, प्रोसेसर, एकच रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एवढंच ठेवा. बाकी सगळं सोडवा. रॅमचे सोनेरी संपर्क पुसून घ्या. आपल्याकडे खोडरबर वापरतात, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड अधिक चांगलं. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, काढून पाच मिनिटांनी परत बसवा. नव्या सेलचा दाब ३ व्होल्ट असतो. मीटरवर बराच कमी दिसला तर सेल बदला. पुष्कळ बोर्डांवर रॅमजवळ चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांच्यासाठी एकेक. यातला जो पेटून राहतो, संशय तिथे.

शेवटी एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारं खोकं. मित्राचा चालता एसएमपीएस लावून पाहा, पण त्याच्या स्वतःच्या केबलींसकट. सुट्ट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीची केबल दुसरीच्या खोक्याला लावली तर पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि चांगले भागही जळतात. चांगल्या एसएमपीएसवरही पंखा हलत नसेल, तर बोर्डावर संशय घ्यायला हरकत नाही.

आणि गेला असेल तो फक्त लॅन पोर्ट, बाकी पीसी चालत असेल, तर नवा बोर्ड घेऊच नका. एखादं साधं लॅन कार्ड किंवा यूएसबीचं अडॅप्टर पुरतं.

२. कशानं गेला?

आधी मीठ. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात, ते धुळीबरोबर कॅबिनेटमध्ये शिरतात आणि बोर्डावर बसतात. कोरड्या हवेत ते निरुपद्रवी असतात. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. बोर्डावर डोळ्यांना न दिसणारा खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो, आणि खारट पाण्यातून वीज वाहते. एकमेकींपासून केसभर अंतरावर असलेल्या दोन तारांमध्ये दाब असेल तर या थरातून धातूचे कण सरकू लागतात आणि हळूहळू त्यांची बारीक वाट तयार होते. एक दिवस त्या दोन तारा जोडल्या जातात. 'काल रात्रीपर्यंत चालू होता' असं आपण म्हणतो, पण हे काम महिनोन्‌महिने चाललेलं असतं.

ओळखायचं कसं? मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी गंजलेली दिसते. स्क्रूंच्या भोवती तांबूस डाग असतात. डाखाच्या टोकांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी असते. असं दिसलं तर वॉरंटीवर फार भिस्त ठेवू नका, कारण बहुतेक वॉरंटीच्या अटींत गंज वगळलेला असतो.

मिऱ्या, मांडवी, भाट्ये अशा अगदी समुद्राला लागून असलेल्या वस्त्यांत राहणाऱ्यांनी तीन सवयी लावून घ्याव्यात. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, कॅबिनेटमधली धूळ काढा. तीच मीठ धरून ठेवते. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा. चालू पीसीच्या आतली हवा खोलीपेक्षा गरम असते, म्हणून आतली सापेक्ष आर्द्रता कमी राहते. परीक्षेसाठी दोन महिने झाकून ठेवलेला पीसी जास्त धोक्यात असतो. तिसरं, एसी बंद केल्या केल्या खिडकी उघडू नका. थंड झालेल्या बोर्डावर बाहेरची दमट हवा आली की पाण्याचे थेंब धरतात.

काही बोर्डांच्या खोक्यांवर आर्द्रतारोधक असल्याचा दावा असतो. त्याचा संबंध बोर्डाच्या पाटीशी, म्हणजे तिच्या आतल्या काचतंतूंच्या थरांशी असतो. उघडे संपर्क आणि डाखाची टोकं उघडीच राहतात. त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे.

दुसरं कारण विजेचा झटका. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात कडाडणारी वीज थेट घरावर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी तारांमध्ये क्षणिक दाब चढतो. पीसीत शिरायला त्याला दोन वाटा आहेत, विजेचा पिन आणि लॅनची केबल. फायबरची काचेची तार वीज वाहून नेत नाही हे खरं, पण राउटरपासून पीसीपर्यंतची केबल तांब्याचीच असते आणि राउटरचा अडॅप्टर त्याच भिंतीत खोचलेला असतो. म्हणून गडगडाट सुरू झाला की पिन आणि लॅन दोन्ही काढा. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही.

स्पाइक गार्ड असेल तर? त्याला जादा दाब जमिनीत सोडायला चांगलं अर्थिंग लागतं. रत्नागिरीची बरीच घरं जांभ्याच्या कातळावर उभी आहेत, आणि कोरडा जांभा विजेला सहज वाट देत नाही. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नीट भरलेला नसेल, उन्हाळ्यात त्यात पाणी घातलं जात नसेल, तर भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक नावापुरतंच उरतं. नव्या बोर्डाच्या किमतीतला थोडा भाग इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायला खर्च झाला, तर मी तो सर्वांत सार्थकी लागलेला खर्च मानेन.

वादळात आणखी एक गोष्ट घडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडाकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस वीज नव्हती. अशा पडझडीत किंवा साध्या फांदीनंही न्यूट्रलची तार तुटली, तर घरात २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास दाब येऊ शकतो. म्हणून गेलेली लाइट परत आल्यावर काही मिनिटं थांबा, दिवे नेहमीसारखे जळताहेत का ते पाहा आणि मगच पीसीचा पिन लावा.

३. सॉकेट: इथे तडजोड नाही

आता निवड. प्रोसेसर बोर्डावर ज्या जागेत बसतो ते सॉकेट. ते जुळलं नाही तर पुढचं काहीच जुळत नाही.

एएमडीचे २०१७ पासूनचे बहुतेक घरगुती रायझन एएम४ सॉकेटमध्ये बसतात. २०२२ मध्ये एएम५ आलं. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीला एलजीए ११५१, दहाव्या-अकराव्या पिढीला एलजीए १२००, आणि बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत एलजीए १७०० लागतं. यातला आकडा म्हणजे संपर्कबिंदूंची संख्या.

आकडा जुळला म्हणजे बोर्ड जुळला, असं मात्र नाही. एलजीए ११५१ दोन प्रकारचं आहे. सहाव्या-सातव्या पिढीचे एच११० किंवा बी२५० बोर्ड आणि आठव्या-नवव्या पिढीचे एच३१०, बी३६० बोर्ड दिसायला सारखेच. आय५ ९४००एफ पहिल्या प्रकारात व्यवस्थित बसेल, पण चालू होणार नाही. जुन्या बाजारातून बोर्ड घेताना ही चूक फार होते.

एएम४च्या प्रोसेसरला स्वतःच्या पिना असतात. कूलर सरळ ओढला तर सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. कूलर आधी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा, सुटला की उचला. बोर्ड मेलेला असल्यानं पीसी चालवून पेस्ट गरम करता येत नाही. केस वाळवायच्या ड्रायरची थोडी ऊब त्यावर चालते.

४. चिपसेट आणि बायोस

एकाच सॉकेटचे बोर्ड वेगवेगळ्या चिपसेटचे असतात. यूएसबी किती, एसएसडीच्या जागा किती, ओव्हरक्लॉकिंग करता येईल का, हे चिपसेटवर ठरतं. बोर्डाच्या नावातलं बी४५०, बी५५०, एच६१० हे चिपसेटचंच नाव.

एक उदाहरण घेऊ. तुमच्याकडे रायझन ५ २६०० आहे आणि दुकानदार नवीन म्हणून बी५५० देतोय. सॉकेट एकच, एएम४. तरीही घेऊ नका. बी५५० मध्ये रायझन २००० मालिकेला अधिकृत आधार नाही. तुम्हाला बी४५०सारखा बोर्ड शोधावा लागेल. तेच प्रोसेसर रायझन ५ ३६०० असेल तर बी५५० चालतो आणि माझी पसंतीही त्यालाच आहे, कारण ग्राफिक्स कार्डाला आणि पहिल्या एसएसडीला तो पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी देतो आणि पुढे रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर टाकायची वाट मोकळी राहते.

बायोस म्हणजे बोर्डाच्या चिपमध्ये लिहिलेला पहिला प्रोग्रॅम. कोणते प्रोसेसर ओळखायचे हे त्याला माहीत असावं लागतं. २०१८ मध्ये बनलेला बी४५० बोर्ड २०२० मध्ये आलेला रायझन ५६०० एक्स ओळखत नाही, जोवर बायोस नवा होत नाही. आणि बायोस नवा करायला चालणारा प्रोसेसर लागतो! यावर उपाय म्हणून काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. पेनड्राइव्हवर फाइल घालून, प्रोसेसर नसतानाही बायोस बदलता येतो. हे बटण असलेला बोर्ड थोडा महाग असला तरी घ्यावा. मुंबई-पुण्यात पाच दुकानं फिरून कुणाकडून तरी हे काम करून घेता येतं. इथे त्यासाठी दिवस मोडतो.

कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो याची यादी कंपनी आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डासाठी देते. पैसे देण्याआधी ती उघडून आपल्या प्रोसेसरचं नाव शोधा. दुकानदाराच्या 'चालेल हो' पेक्षा ती यादी भरवशाची.

५. वीज पेलणारे खांदे

एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला हवे असतात साधारण १.२. मधलं रूपांतर करणारी यंत्रणा प्रोसेसरच्या भोवती असते. ठोकळ्यांसारख्या कॉइल आणि त्यांच्याजवळचे छोटे चौकोनी स्विच मिळून एकेक टप्पा बनतो. याला व्हीआरएम म्हणतात. बोर्ड स्वस्त का पडतो याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

शिमग्यात पालखी निघते तेव्हा खांदेकरी आळीपाळीनं खांदा देतात. माणसं चारच असली तर प्रत्येकाची पाळी लवकर येते आणि दमछाक होते. सहा असली तर प्रत्येकाला उसंत मिळते. व्हीआरएमचे टप्पे तसेच पाळीपाळीनं भार उचलतात.

हिशेब करून पाहू. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझन प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. ८८ भागिले १.२, म्हणजे सुमारे ७३ अँपिअर. चार टप्प्यांत वाटले तर प्रत्येकी १८, सहा टप्प्यांत वाटले तर १२. रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १८ चा वर्ग ३२४, १२ चा १४४. म्हणजे सहा टप्प्यांच्या बोर्डात प्रत्येक टप्पा निम्म्याहूनही कमी तापतो. १०५ वॅटच्या रायझनची मर्यादा १४२ वॅट असते. मग प्रवाह ११८ अँपिअरवर जातो आणि फरक अजून वाढतो.

आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान पस्तिशीला टेकतं. अशा खोलीत चार तास गेम चालवणाऱ्यानं व्हीआरएमवर अॅल्युमिनियमचा हीटसिंक असलेलाच बोर्ड घ्यावा. उघडे स्विच असलेला बोर्ड ऑफिसच्या कामाला ठीक आहे. टप्प्यांची जाहिरात करताना काही कंपन्या एकाच टप्प्यावर दोन जोड्या लावून आकडा दुप्पट सांगतात, म्हणून निव्वळ आकड्यावर जाऊ नका. हीटसिंकचा आकार आणि प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनांची जागा आहे का, हे पाहा.

रंगीत दिवे, वाय-फायचा अँटेना, पोलादी वेष्टनातले स्लॉट हे सगळं यानंतर.

६. रॅम, कार्ड, जागा

डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमच्या पिना दोन्हींत २८८, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसरीत बसत नाही. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून नावात डी४ आहे का ते वाचा. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. बोर्डावर रॅमच्या चार जागा आणि तुमच्याकडे दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवा.

ग्राफिक्स कार्डाची काळजी सहसा नसते, जुनं कार्ड नव्या बोर्डावर चालतं. अपवाद आहे. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार मार्गिका वापरतं. ते पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मंदावतं.

आकार मोजा. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलटं जमत नाही. आणि दिव्यांच्या पट्ट्या असतील तर एक इशारा: तीन पिनांची पट्टी ५ व्होल्टची असते, चार पिनांची जागा १२ व्होल्टची. जबरदस्तीनं लावली तर पट्टी जळते.

७. फक्त बोर्ड, की बोर्डासकट सगळंच?

चौथ्या पिढीचा आय५ असेल तर त्याच्यासाठी एच८१ चिपसेटचे बोर्ड अजून विकायला दिसतात. घ्यावा का? गेमिंगसाठी, माझं उत्तर नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. व्हॅलरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा-सोयी मागतो. म्हणून इतक्या जुन्या प्रोसेसरसाठी बोर्डावर घातलेले पैसे अडकून पडतात.

रायझन ३६०० किंवा दहाव्या पिढीच्या आय५ साठी मात्र फक्त बोर्ड बदलणं शहाणपणाचं. एएम५ वर जायचं तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही नवीन घ्यावे लागतात. एका कागदावर दोन बेरजा करा. एकीत फक्त बोर्ड. दुसरीत बोर्ड, प्रोसेसर, रॅम, वजा जुन्यांचे येतील ते पैसे. दुसरी बेरीज पहिलीच्या तिपटीवर गेली आणि तुम्ही खेळता ते गेम आजही सुरळीत चालत होते, तर पहिलीवर थांबा. उरलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस येतो. जुना एसएमपीएस पाच-सहा पावसाळे पाहिलेला असेल, तर नव्या बोर्डाला त्याच्या हवाली करू नये.

८. कुठून घ्यायचा?

हवा तोच बोर्ड रत्नागिरीत मिळेलच असं नाही. मग कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, किंवा ऑनलाइन. कुठूनही घ्या, पण बिलावर बोर्डाचा सिरियल नंबर आणि जीएसटी असू द्या, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्याला गाठता येईल अशा कोणत्या शहरात आहे ते आधी पाहा. स्थानिक दुकानदार मागवून देत असेल आणि थोडे पैसे जास्त घेत असेल, तर मी त्याच्याकडूनच घेईन. वॉरंटीचं पार्सल पाठवणं, पाठपुरावा करणं हे काम तो करतो.

इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, प्लास्टिकचं झाकण उचलून तिरक्या उजेडात पिनांच्या रांगा तपासा. एकही वाकलेली दिसली तर तिथल्या तिथे परत करा. ते झाकण टाकून देऊ नका, वॉरंटीत बोर्ड पाठवताना बहुतेक ठिकाणी ते मागतात.

९. बसवल्यानंतरचा पहिला तास

कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात. नव्या बोर्डाच्या भोकांशी न जुळणारी खुंटी तशीच राहिली तर ती मागून बोर्डाला टेकते आणि शॉर्ट होतो. आधी भोकं मोजा, नको ती खुंटी काढा.

पीसी चालू झाला की बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी, म्हणजे पूर्ण वेगाची तयार सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम कमी वेगावरच चालत राहते. टीपीएम आणि सिक्युअर बूट तिथेच तपासा. ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल तर विंडोज पुनर्प्राप्तीची किल्ली मागेल. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, त्यामुळे खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. विंडोजचा परवाना ओईएम प्रकारचा असेल तर तो जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो आणि नवा घ्यावा लागू शकतो. रिटेल परवाना नव्या बोर्डावर नेता येतो.

मग एखादा जड गेम अर्धा तास चालवा आणि तापमान पाहा. प्रोसेसर नव्वदीच्या वर जात असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा पेस्ट कमी पडली आहे. सगळं ठीक असेल तर कॅबिनेटचं दार लावा. न वापरलेल्या यूएसबी आणि एचडीएमआयच्या जागांना रबरी बुचं बसवा. जुन्या बोर्डावरचा एसएसडीचा बारीक स्क्रू काढून डबीत ठेवा, पुढे दुसरी एसएसडी घ्याल तेव्हा तो लागेल.